फेब्रुवारीतली गवतगाडी : कॉन्स्टेबलच्या एका निसर्गचित्राची घडण

निसर्गचित्राविषयी आपल्याकडे एक समजूत पक्की आहे. चित्रकार शहराबाहेर जातो, एखाद्या झाडाखाली बैठक मांडतो आणि समोर दिसते ते कागदावर किंवा कॅनव्हासवर उतरवतो. जितके प्रत्यक्ष पाहून, तितके खरे. आपल्या कलाशाळांमधून जागेवर जाऊन चित्र काढण्याला जी प्रतिष्ठा आहे ती याच समजुतीतून आली आहे. तिच्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण जगात ग्रामीण निसर्गचित्राचा नमुना म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते, त्या चित्राची घडण पाहिली तर ही समजूत बरीच ढिली पडते. हे चित्र म्हणजे जॉन कॉन्स्टेबलचे ‘द हे वेन’, अर्थात गवताची गाडी. ते उन्हाळ्यातल्या मध्यान्हाचे आहे आणि रंगवले गेले हिवाळ्यात. ते सफक परगण्यातल्या एका खेड्याचे आहे आणि रंगवले गेले लंडनमध्ये. त्यातली गाडी ज्या रेखाटनावरून आली, ते रेखाटन कॉन्स्टेबलने स्वतः काढलेले नव्हते.

एवढे सांगून थांबलो तर हा केवळ गमतीचा मजकूर होईल. मला त्यापुढचा प्रश्न विचारायचा आहे. जे चित्र इतक्या दुरून, इतके तुकडे जोडून तयार झाले, त्यात गाव किती आले आणि किती बाहेर राहिले? आणि जे बाहेर राहिले त्याचा हिशेब चित्राच्या समीक्षेत धरायचा की नाही?

गिरणीवाल्याचा मुलगा

कॉन्स्टेबलचा जन्म ११ जून १७७६ रोजी ईस्ट बर्गोल्ट या गावी झाला. सफक आणि एसेक्स या परगण्यांच्या मधून स्टूर नदी वाहते. तिच्या काठी हे गाव आहे. वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल धान्याचे व्यापारी. फ्लॅटफर्ड आणि डेडम येथील पाणचक्क्या त्यांच्या. धान्य आणि पीठ वाहून नेणाऱ्या नावाही त्यांच्याच. म्हणजे पुढे ज्या नदीची, बांधांची, दरवाजांची आणि नावांची चित्रे जगभर गाजली, ती सगळी घरच्या धंद्याची सामग्री होती. थोरल्या भावाकडून धंद्याची अपेक्षा नव्हती, म्हणून जॉनने तो पाहावा असा घरचा विचार होता. तो चित्रकलेकडे वळला आणि धंदा धाकट्या एब्रमने सांभाळला. १८१६ मध्ये वडील वारले. त्याच वर्षी जॉनचे मराया बिकनेलशी लग्न झाले आणि संसार लंडनमध्ये सुरू झाला. यानंतर गाव त्याच्यासाठी अधूनमधून भेट द्यायची जागा उरली.

हा तपशील मी मुद्दाम आधी देतो आहे, कारण स्टूरकाठची सहा फुटी चित्रे गाव सुटल्यानंतरची आहेत. गावात असताना त्याने लहान लहान तैलरेखाटने केली, वह्या भरल्या. मोठे चित्र मात्र अंतर पडल्यावर सुचले. १८१९ मध्ये ‘द व्हाइट हॉर्स’ रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात लागले आणि त्याच वर्षी त्याला अकादमीचे सहसदस्यत्व मिळाले. तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता. प्रदर्शनाच्या भिंती वरपासून खालपर्यंत खच्चून भरलेल्या असत. त्या गर्दीत लहान चित्र हरवून जाई. त्यातच निसर्गचित्राला ऐतिहासिक किंवा धार्मिक चित्रापेक्षा खालचे आसन होते. साध्या गिरणीला, नावेला, गाडीला सहा फुटांचा कॅनव्हास देणे हे त्या काळात एक विधानच होते. ‘द हे वेन’ या मालिकेतले तिसरे मोठे चित्र. त्याचे माप सुमारे १३० बाय १८५ सेंटिमीटर आहे.

चित्र जुळवताना

चित्रातली जागा फ्लॅटफर्डच्या गिरणीसमोरची आहे. डाव्या हाताला विली लॉट नावाच्या शेतकऱ्याचे घर. हे घर आजही उभे आहे. लॉटविषयी असे सांगतात की ऐंशीहून अधिक वर्षांच्या आयुष्यात तो या घरापासून जेमतेम चार दिवस दूर राहिला असेल. घरापाशी पाण्यावर वाकलेली एक बाई, अलीकडच्या काठावर एक कुत्रा, मध्ये उथळ पाण्यात उभी असलेली रिकामी गाडी आणि तीत दोन माणसे. उजवीकडे झुडपांत एक मासे धरणारा आणि त्याची होडी. पलीकडे उन्हात न्हालेले कुरण. बारकाईने पाहिले तर त्या कुरणाच्या टोकाशी गवत कापणारी माणसे दिसतात आणि एक भरत आलेली दुसरी गाडीही दिसते. पाण्यातली गाडी उताराच्या जागेवरून त्या कुरणाकडे निघाली आहे, असा सगळ्याचा मेळ आहे.

ही जागा कॉन्स्टेबलने १८२० मध्ये नव्याने शोधलेली नव्हती. लॉटचे घर त्याने त्याआधीच्या दशकात अनेकदा रंगवले होते. ‘द मिल स्ट्रीम’ या १८१४ च्या सुमारच्या चित्रात तेच घर, तोच प्रवाह आहे. म्हणजे लंडनमधल्या केपेल स्ट्रीटच्या घरात बसून तो चित्र करू लागला तेव्हा त्याच्या हाताशी जुन्या रेखाटनांचा साठा होता आणि डोळ्यांपुढे बालपणापासून पाठ झालेली जागा होती. आपल्याकडे शालेय रेखाकला परीक्षांत ‘स्मरणचित्र’ नावाचा एक विषय असतो. जत्रा, बाजार, शेतातली कामे असे प्रसंग मुलांनी आठवून काढायचे. कलाशाळेत गेल्यावर तो विषय पोरकट समजून मागे टाकला जातो. ‘द हे वेन’ हे मला एका पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने काढलेले अस्सल स्मरणचित्र वाटते.

मात्र आठवण एकटी पुरत नाही, आणि कॉन्स्टेबलने ती पुरते असे मानले नाही. त्याच्या कामाच्या पायऱ्या आज आपल्याला बऱ्याच स्पष्ट दिसतात. आधी तळहाताएवढे एक तैलरेखाटन. ते आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. त्यात छाया-प्रकाशाचे मोठे गठ्ठे कुठे बसवायचे एवढेच ठरवलेले आहे. त्यानंतरची पायरी विलक्षण आहे. अंतिम चित्राच्याच आकाराचे, म्हणजे सहा फुटांचे संपूर्ण कच्चे चित्र त्याने तेलरंगात केले. निसर्गचित्रासाठी असा खर्चिक उपद्व्याप सहसा कोणी करत नसे. हे कच्चे चित्र प्रदर्शनासाठी नव्हते, विक्रीसाठी नव्हते. स्वतःशीच केलेला तो संवाद होता. आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे आणि पक्के चित्र नॅशनल गॅलरीत. दोन्हींमध्ये तासाभराची पायपीट आहे. मी ती केली आहे आणि कुणाला जमल्यास त्यानेही करावी. एकाची छाप डोळ्यांत ताजी असताना दुसरे पाहिले की चित्रकार कुठे अडला आणि कुठे निघाला ते कळते.

कच्च्या चित्रात तपकिरी अस्तर जागोजागी उघडे आहे. झाडे फटकाऱ्यांनी उभी केली आहेत, पाणी नुसते झळकते, माणसे ठिपक्यांनी सुचवलेली आहेत. अलीकडच्या काठावर कुत्र्याजवळ एक घोडेस्वार आहे. पक्क्या चित्रात हा स्वार नाही. त्याच्या जागी कॉन्स्टेबलने एक पिंप रंगवले आणि मग तेही रंगाखाली बुजवले. काळाच्या ओघात वरचा रंग थोडा पारदर्शक झाला आहे आणि त्या पिंपाची पुसट आकृती आता साध्या डोळ्यांनाही जाणवते. कुत्रा तेवढा राहिला. तो मान वळवून गाडीकडे पाहतो आणि आपली नजरही तिकडे नेतो. स्वार असता तर काठावरच दृष्टी अडकली असती.

आता गाडी. फेब्रुवारी १८२१ मध्ये एब्रमने गावाहून भावाला पत्र लिहिले. गावातल्या जुन्या स्नेह्याचा मुलगा जॉन डन्थॉर्न याने गाडीचे रेखाटन काढून दिले होते आणि ते सोबत पाठवले होते. थंडीत उघड्यावर उभे राहून काढावे लागल्याने त्या पोराचे हाल झाले, असेही एब्रमने कळवले. चित्र वेळेवर पुरे होईल याची त्याला फारशी आशा नव्हती. त्याने पाहिले तेव्हा सगळेच व्हायचे बाकी होते. एप्रिलमध्ये चित्र अकादमीकडे द्यायचे होते. म्हणजे अगदी शेवटच्या दोन महिन्यांत, सगळे चित्र अडून असताना, कॉन्स्टेबलला गाडीची बांधणी नेमकी कशी असते याची खातरजमा हवी होती.

ज्याचे बालपण अशा गाड्यांमध्ये गेले त्याला असे का वाटावे? कारण आठवणीत गाडीचा भाव राहतो, जोड राहत नाहीत. आरे किती, बाजूचे कठडे कसे कलतात, धाव बसवलेले चाक पाण्यात किती बुडते, हे आठवणीला विचारून भागत नाही. आपल्याकडे खेड्यात वाढलेल्या माणसालाही बैलगाडीचे जू आणि साट्या यांची जोडणी आठवणीतून काढायला सांगा; हात थबकेल. कॉन्स्टेबलला हे ठाऊक होते. रचनेसाठी तो आठवणीवर विसंबला आणि वस्तूसाठी साक्षीदार बोलावला. माझ्या मते त्याच्या प्रक्रियेचा कणा इथे आहे.

हिरवा रंग आणि आकाश

चित्रकलेतली रूढी तेव्हा तपकिरी होती. जुन्या चित्रांवरची वार्निश पिवळी-तांबूस पडते; संग्राहकांना तोच रंग चित्राचा धर्म वाटू लागला होता. सर जॉर्ज बोमाँट हे मोठे संग्राहक कॉन्स्टेबलचे हितचिंतक. निसर्गचित्राचा एकंदर रंग जुन्या व्हायोलिनसारखा असावा असे त्यांनी सुचवले, तेव्हा कॉन्स्टेबलने एक व्हायोलिन उचलून हिरवळीवर ठेवले, अशी आठवण त्याचा मित्र आणि चरित्रकार लेस्ली याने नोंदवली आहे. ‘द हे वेन’मधला हिरवा रंग एकच नाही. पिवळट, निळसर, काळपट, करडा असे कितीतरी हिरवे शेजारी शेजारी ठेवलेले आहेत आणि त्यांना उठाव देण्यासाठी घोड्यांच्या साजावर लाल रंगाचे चार ठिपके आहेत. पानांवर आणि पाण्यावर त्याने शुद्ध पांढऱ्याचे बारीक कण टाकले. टीकाकारांनी पुढे त्यांना ‘कॉन्स्टेबलचा बर्फ’ म्हणून हिणवले.

आकाशाबाबतही तेच. आकाश म्हणजे चित्रामागे ताणलेला पडदा, हे त्याला मान्य नव्हते; निसर्गचित्रातला भाव मुख्यतः आकाशातून येतो असे त्याने ऑक्टोबर १८२१ मध्ये आपला मित्र जॉन फिशर याला लिहिले. त्या सुमारास हॅम्पस्टेडच्या टेकडीवर त्याने ढगांची कितीतरी अभ्यासचित्रे केली आणि अनेकांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. ‘द हे वेन’च्या आकाशात नुकती सर येऊन गेल्याची किंवा येऊ घातल्याची शंका आहे, आणि कुरणावरचे ऊन म्हणूनच इतके मोलाचे वाटते.

मात्र हा सगळा ताजेपणा पूर्वसूरींना झुगारून आलेला नाही. क्लोद लोरँ, रॉयसडाल, रूबेन्स यांच्या चित्रांचा त्याने कसून अभ्यास केला होता. बोमाँटच्याच संग्रहात रूबेन्सचे ‘हेट स्टेन’ हे मोठे निसर्गचित्र होते. त्यातही डाव्या बाजूला एक गाडी पाण्यातून निघाली आहे. म्हणजे ‘द हे वेन’मध्ये फ्लॅटफर्ड आहे, डन्थॉर्नची गाडी आहे, हॅम्पस्टेडचे ढग आहेत आणि फ्लँडर्सची आठवणही आहे.

१८२१ च्या प्रदर्शनात चित्र ‘निसर्गचित्र : मध्यान्ह’ या साध्या नावाने लागले. ‘हे वेन’ हे नाव फिशरने दिलेले. लंडनमध्ये ते विकले गेले नाही. अॅरोस्मिथ नावाच्या पॅरिसच्या व्यापाऱ्याने आधी त्याला ७० पौंड देऊ केले, ते कॉन्स्टेबलने नाकारले. पुढे आणखी एका मोठ्या चित्रासह २५० पौंडांना सौदा झाला. १८२४ च्या पॅरिस सलोंमध्ये चित्राला सुवर्णपदक मिळाले. ते पाहून देलाक्रवाने आपल्या ‘कीऑसची कत्तल’ या चित्रातले काही भाग पुन्हा रंगवले असे म्हणतात. १८८६ मध्ये हेन्री व्हॉन यांनी ते नॅशनल गॅलरीला दिले आणि मग ते बिस्किटांच्या डब्यांपासून कॅलेंडरांपर्यंत सगळीकडे पोचले.

जे चित्रात नाही

इथपर्यंत कौतुक सोपे आहे. अडचण पुढे आहे.

‘द हे वेन’ रंगवले जात होते तेव्हा इंग्लंडमधले खेडे सुखात नव्हते. १८१५ मध्ये नेपोलियनशी चाललेले युद्ध संपले, धान्याचे भाव कोसळले, सैन्यातून सुटलेली माणसे कामाच्या शोधात गावी परतली. जमीनदारांच्या हितासाठी त्याच वर्षी धान्य कायदा आला. देशातला भाव क्वार्टरमागे ८० शिलिंगांवर गेल्याशिवाय परदेशी गहू आणायला बंदी झाली. शेतमजुराला कमी मजुरी आणि महाग पाव अशा दोन्ही बाजूंनी चिमटा बसला. १८१६ मध्ये पूर्व इंग्लंडमध्ये दंगली झाल्या. १८२२ मध्ये मळणीयंत्रे फोडण्याचे आणि गंजी पेटवण्याचे सत्र सफक आणि नॉर्फोकमध्ये चालू होते. कॉन्स्टेबलला हे ठाऊक होते. एप्रिल १८२२ मध्ये त्याने फिशरला कळवले की एब्रम तिकडच्या परिस्थितीने अस्वस्थ आहे, जवळ किंवा दूर आग दिसली नाही अशी रात्र जात नाही, आणि गावातल्या बड्या मंडळींनी गाव सोडले आहे पण खंडात किंवा धर्मकरात सूट दिलेली नाही. त्याच वसंतात त्याचे पुढचे सहा फुटी चित्र प्रदर्शनात लागले. त्यातही स्टूर शांत वाहते आहे.

जॉन बॅरल यांनी १९८० मध्ये ‘द डार्क साइड ऑफ द लँडस्केप’ या पुस्तकात नेमका हा धागा पकडला. कॉन्स्टेबलच्या चित्रांतले मजूर इतके दूर आणि इतके लहान ठेवलेले असतात की ते निसर्गातच विरघळून जातात; त्यांच्या कष्टाविषयी प्रश्न पडण्याइतके ते जवळ येतच नाहीत, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. या मांडणीवर पुष्कळ वाद झाला. चित्रकाराने दंगलीचे वृत्त द्यायला हवे होते का, असा प्रतिप्रश्न विचारून ती मोडीत काढता येते असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. पण बॅरल यांचे निरीक्षण चित्राच्या घडणीशी ताडून पाहिले तर ते थोडे बदलते आणि अधिक टोचते.

कॉन्स्टेबलला ग्रामीण श्रमाचे ज्ञान नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. गाडी रिकामी कुठून जाते, भरून कुठे येते, कापणारे कुठे उभे असतात, हे त्याने बिनचूक मांडले आहे. शहरी हौशी चित्रकाराला हे जमले नसते. काम त्याला ठाऊक आहे. काम करणारा माणूस मात्र त्याला लागत नाही. लंडनहून त्याने गाडीचे रेखाटन मागवले. गाडीवानाचे रेखाटन मागवल्याची नोंद माझ्या वाचनात नाही, आणि चित्र पाहता त्याला त्याची गरज भासली असेल असेही वाटत नाही. गाडीतल्या दोघांना चेहरा नाही. ही नजर गावाबाहेरच्या पाहुण्याची नाही. ती गिरणीमालकाच्या मुलाची आहे. नाव वेळेवर सुटली का, गाडी निघाली का, बांध नीट आहे का, हे मायेने पाहणारी. मजुरीचा दर मात्र ज्या वहीत लिहिलेला असतो ती वही न उघडणारी.

यामुळे चित्र खोटे ठरते का? माझे उत्तर नाही असे आहे. उथळ पाण्याचा, ओल्या लाकडाचा, ढगातून निसटलेल्या उन्हाचा त्याने दिलेला साक्षात्कार खरा आहे, आणि तो त्याच्याआधी इतक्या नेटाने कुणी दिला नव्हता. पण हे खरेपण एका विशिष्ट जागेवरून दिसलेले आहे, आणि ‘हेच खेडे’ म्हणून ते कॅलेंडरावर लागते तेव्हा ती जागा विसरली जाते. इथे दोष चित्रकारापेक्षा पाहणाऱ्यांचा अधिक आहे.

हा प्रश्न आपल्याही दाराशी आहे. १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूलमधून इंग्रजी वळणाचे निसर्गचित्र इकडे आले आणि रुजले. तिथे शिकलेले आबालाल रहिमान कोल्हापुरात कोटीतीर्थाच्या काठी राहिले आणि तोच परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिले; आपल्या एका जागेला आयुष्य देण्याची ती वृत्ती कॉन्स्टेबलची सख्खी भावंड वाटते. त्यानंतरच्या काळात मात्र ग्रामीण निसर्गचित्र हा आपल्याकडे एक माल झाला. बैलगाडी, कौलारू घर, डोक्यावर घागर घेतलेली बाई, मागे डोंगर. त्यातल्या कितीतरी गाड्यांना जू नीट जोडलेले नसते आणि त्या भरलेल्या की रिकाम्या, कुठे निघाल्या, याचा चित्रकाराला पत्ता नसतो. कॉन्स्टेबलकडून यांनी घ्यायची पहिली गोष्ट म्हणजे फेब्रुवारीच्या थंडीत मागवलेले ते रेखाटन. ज्यांना गाडी बिनचूक काढता येते, त्यांच्यासाठी प्रश्न पुढचा आहे: गाडीवान कोण, आणि तो चित्राच्या कोणत्या अंतरावर उभा राहणार?

समीक्षकासाठीही यात एक धडा आहे. रंगाखाली बुजवलेले ते पिंप आज वर येऊ लागले आहे. क्ष-किरणांखाली तर चित्रकाराचे बदललेले बेत आणखी स्पष्ट होतात. पण असे तंत्र फक्त रंगवून पुसलेले दाखवते. १८२२ मधल्या गंजींच्या आगी कॉन्स्टेबलने कधी कॅनव्हासवर घेतल्याच नाहीत, त्यामुळे त्या कोणत्याही थराखाली सापडणार नाहीत. त्यांच्यासाठी चित्रासमोरून उठून पत्रे, धान्याचे भाव आणि मजुरीचे दर वाचावे लागतात, आणि ते वाचून झाल्यावर पुन्हा चित्रासमोर येऊन बसावे लागते. कुरणावरचे ऊन तेव्हाही तितकेच सुंदर दिसते. फक्त त्या उन्हात दूरवर गवत कापणाऱ्या माणसांकडे आपण जरा जास्त वेळ पाहतो.